जांभळ्या खात्याचा कारभार

सोमवार, २ सप्टेंबर

हडर्सफील्ड, यॉर्कशर. आजपासून कॅल्डर अँड सेव्हर्न बँकेच्या इथल्या विभागाचा कारभार माझ्याकडे. क्रेडिट कार्डं आणि फी भरून घ्यायची विशेष चालू खाती, दोन्ही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवं गाव, नवी खुर्ची, आणि फिनेलाच्या शब्दांत 'मोकळा हात'.

फिनेला म्हणजे लंडनच्या मुख्य कचेरीतली माझी वरिष्ठ. निघण्याआधी तिने मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाली, "लायनेल, तिकडे फार दगदग करून घेऊ नकोस. नवीन काही सुरू करू नकोस, नवीन माणसं घेऊ नकोस, लांब मुदतीच्या करारांवर सह्या करू नकोस. नाताळपर्यंत नुसतं सांभाळ." घटस्फोटानंतर माझ्या तब्येतीची एवढी काळजी कुणी केली नव्हती. मन भरून आलं.

कचेरी एका जुन्या लोकर गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद. धापा टाकत वर पोचलो तर दारातच माझी उपप्रमुख उभी होती, बेव्हर्ली सायक्स. सगळे तिला बेव्ह म्हणतात.

"या साहेब," ती म्हणाली. "खुर्ची डावीकडे कलते, तेवढं सांभाळा. आधीचे साहेब उजव्या अंगावर बसायचे."

लोक साधे वाटले. माझी ओळख करून देताना बेव्हने सांगितलं की लंडनमध्ये ते धातूचं कार्ड काढलं होतं ते यांनीच. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीनमध्ये अडकायचं तेच ना?" मी समजावून सांगितलं की दोष मशीनचा होता.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज ग्राहकांचे फोन ऐकत बसलो. विशेष खात्याला आम्ही कागदोपत्री भारदस्त नाव दिलंय, पण कार्डाचा रंग जांभळा म्हणून गावभर ते 'जांभळं खातं'. महिन्याला फी भरायची आणि त्याबदल्यात प्रवासाचा विमा, गाडी बंद पडली तर मदत, आणि एक फोन नंबर जो माणूस उचलतो. मी सगळा भर विम्यावर द्यायच्या विचारात होतो. लोक मात्र त्या नंबरासाठी फी भरतात असं दिसतं.

एका म्हाताऱ्याची गाडी डोंगरात बंद पडली होती. मदतीची व्हॅन पोचेपर्यंत बेव्ह त्याच्याशी वाटाण्याच्या सूपबद्दल बोलत राहिली. मी वहीत लिहिलं, 'संभाषणं गरजेपेक्षा लांब.' मग सूप कसं करायचं तेही लिहून घेतलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

इथल्या लोकांचे दात फार खराब असावेत. रोज एकजण तरी दातांच्या डॉक्टरकडे जातो. आज इम्तियाज गेला. हा हरकतींचा प्रमुख. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले आणि माल मिळालाच नाही, तर ते पैसे परत मिळवून देणं याचं काम. हुशार आहे. दात काढायला निघाला तेव्हा अंगात नवा कोट, गळ्यात टाय. माझे वडीलही डॉक्टरकडे असेच नटून जायचे. बरं वाटलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

लिफ्टच्या दुरुस्तीसाठी लंडनला लिहिलं होतं. उत्तर आलं, "नाताळनंतर गरज पडणार नाही." म्हणजे नाताळात नवीच लिफ्ट येणार! लगेच सगळ्यांना एकत्र करून बातमी दिली. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. यॉर्कशरची माणसं आनंद उघड करत नाहीत असं वाचलं होतं, ते खरं आहे. बेव्ह तेवढी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आपण रस्ता चुकलेल्या कुत्र्याकडे बघतो तशी.

बुधवार, ९ ऑक्टोबर

वाईट दिवस. भिंती रंगवायची सूचना मांडली, कुणाला उत्साह नाही. नवीन ग्राहक आणणाऱ्याला बक्षीस ठेवलं, तर इम्तियाज म्हणाला, "आणतो की. ठेवायचे कुठे?" मला विनोद कळला नाही. आपल्यात माणसं चालवायचा गुणच नाही की काय, अशी शंका येते. लग्नही असंच होतं. मी योजना मांडायचो, समोर शांतता.

संध्याकाळी बेव्हने पार्किनचा डबा दिला, आलं घातलेला तो इथला चिकट केक. घरी जास्त झाला होता म्हणे. अख्खा डबा, अजून न कापलेला. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव. व्यवस्थित बाई आहे.

सोमवार, २८ ऑक्टोबर

मेरिगोल्ड एअर बुडाली. शाळांना सुट्टी लागलेली, अर्धं यॉर्कशर परदेशात, आणि ही विमान कंपनी सकाळी न्याहारीच्या वेळेला बंद! मी आलो तेव्हा सगळे फोन एकदम वाजत होते. तेनेरीफ, माल्टा, क्रीट. लोक मुलाबाळांसकट विमानतळांवर अडकलेत आणि कंपनीचा फोन कुणी उचलत नाही. आमचा उचलला जातो, म्हणून सगळे आमच्याकडे.

फिनेलाचा फोन आला. "ग्राहकांना विमान कंपनीकडे पाठव."

"फिनेला, कंपनी उरलेलीच नाही."

"मग कंपनीच्या वेबसाइटवर पाठव. आणि कुणाला जादा वेळ थांबवू नकोस. हा आठवडा शांतपणे जाऊ दे."

एवढ्या गडबडीतही तिला आमच्या दगदगीची काळजी. मी म्हटलं, आम्ही सगळे अगदी मजेत आहोत. तिने फोन आपटला. लाइन खराब असणार.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

दुपारी बेव्हने हात वर केला आणि सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. मडेराच्या फुंचाल विमानतळावरून हर्स्टबाई बोलत होत्या. जुन्या जांभळ्या ग्राहक, निवृत्त मुख्याध्यापिका, क्लॉफहेड गावच्या ब्रास बँडच्या खजिनदार. तिकडे कार्यक्रम करायला गेलेला सगळा बँड वाद्यांसकट अडकला होता.

"तुमचं ते थांबा-थांबा गाणं आधी बंद करा," बाई म्हणाल्या. "इतका वेळ कानाला लावून बसलेय. त्यातला बासरीवाला बेसूर आहे."

"बंद करता येत नाही हो, हर्स्टबाई."

"नाही ना? मग आता आमचं ऐका."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बेव्हने बोलणं स्पीकरवर टाकलं, आणि फुंचालहून ब्रास बँड सुरू झाला. कूच करायची चाल होती. फोनमधून पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येत होती, पण काय सांगू! आमच्या मजल्यावर लोक उभे राहिले. इम्तियाज टेबलावर चढून ढोलाचा ठेका धरत होता. तिकडे पोर्तुगीज पहारेकरी टाळ्या वाजवतायत हेही ऐकू येत होतं.

चाल संपल्यावर बाई परत आल्या. "ऐकलंत? त्यातलं सगळ्यात खालचं घुम्म घुम्म ती आमची टॅमसिन, ट्युबावाली, ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवणारी. शनिवारी तिचं लग्न आहे. नवरा क्लॉफहेडला, नवरी इथे, ट्युबाही इथे. नवऱ्याशिवाय एक वेळ भागेल, ट्युबाशिवाय आमच्या चर्चमध्ये लग्न लागत नाही. आता बोला."

बोलायला अवघड होतं. विमा फक्त बाई आणि त्यांच्या यजमानांचा. बाकीच्यांना काही नाही. सगळ्या बँडची तिकिटं बाईंनी आपल्या कार्डावर काढलेली, त्यामुळे कार्ड भरलेलं, नवी तिकिटं काढायला जागाच नाही.

इम्तियाज टेबलावरून उतरला. "साहेब, कार्डाने पैसे दिले आणि विमान कंपनी बुडाली, तर ते पैसे आपणच परत द्यायचे, असा कायदाच आहे. पण आपली रीत अशी की अर्ज घ्यायचा, छाननी करायची, जानेवारी उजाडवायचा. आज ना उद्या द्यायचेच आहेत, तर आजच दिले तर? कार्ड मोकळं होईल."

"फक्त बाईंचे?"

"सगळ्यांचे. मेरिगोल्डचं तिकीट ज्याच्या कार्डावर दिसतंय त्या प्रत्येकाचे. फक्त तुमचा हुकूम लागेल."

मी म्हटलं, उद्या फिनेलाला विचारतो.

बुधवार, ३० ऑक्टोबर

फिनेलाला विचारलं. ती 'नाही' म्हणाली. नुसतं नाही म्हणाली नाही. म्हणाली, "लायनेल, तुला तिथे काही करायला पाठवलेलं नाही. एवढंही कळत नाही का?"

मी बेव्हला सांगितलं की फिनेला हल्ली फार थकलेली दिसते. बेव्हने दार लावलं आणि समोर बसली.

"साहेब, आता ऐका. हे ऑफिस नाताळला बंद होतंय. काम लंडनला जाणार, फोन मशीन उचलणार. ते होईपर्यंत खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तुम्हाला पाठवलंय."

"काहीतरीच काय! लिफ्ट..."

"लिफ्ट येणार नाहीये. इम्तियाजचे दात पांढरेशुभ्र आहेत. तो मुलाखतींना जातो. सगळेच जातात. आम्हाला वाटलं, तुम्ही आत एक बाहेर एक आहात. त्या दिवशी तुम्ही लिफ्टची बातमी दिलीत ना, तेव्हा कळलं की बिचाऱ्याला काही ठाऊकच नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतके खुशीत होता," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी त्या कलत्या खुर्चीत बसून राहिलो. फिनेलाचं एकेक वाक्य आठवून पाहिलं आणि प्रत्येकाचा अर्थ फिरला. इतक्या माणसांतून माझी निवड झाली, ती मला काही कळणार नाही म्हणून. हेही लिहून ठेवतो.

बाहेर फोन वाजतच होते. ज्यांची नोकरी चालली आहे ती माणसं कुणाला तरी क्रीटमध्ये औषधाचं दुकान शोधून देत होती. इम्तियाजची आज लीड्सला मुलाखत होती. तो गेला नाही.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "इम्तियाज, सगळ्यांचे पैसे आजच परत कर. हुकूम माझा."

"लंडनला काय सांगायचं?"

"मोकळा हात दिला होता, तो वापरला म्हणून सांगू."

मग एक फोन मीही उचलला. माल्टाहून एक माणूस होता, रडकुंडीला आलेला. त्याला काय सांगायचं ते मला येत नव्हतं. बेव्हने बाजूला बसून चिठ्ठीवर लिहून दिलं, 'आधी विचार, जेवलात का.' विचारलं. जेवला नव्हता. तिथून पुढे जमलं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

बँडला उद्याची तिकिटं मिळाली, लिस्बनमार्गे मँचेस्टर. ट्युबाला मात्र नाही. नवी विमान कंपनी म्हणते, एवढं मोठं वाद्य सामानात चालणार नाही. बेव्ह त्यांच्या माणसाशी सकाळभर भांडली.

"अहो, माणसापेक्षा मोठं आहे म्हणता, मग माणूस म्हणून बसवा!"

शेवटी ट्युबासाठी वेगळं आसन घेतलं, खिडकीजवळचं. तिकिटावर नाव हवं म्हणून हर्स्टबाईंनी 'श्रीयुत ट्युबा हर्स्ट' असं घातलं. यजमानांना हेवा वाटतोय म्हणे.

आज बेव्हच्या बोलण्यातलं 'साहेब' गळलं. "लायनेल, तुझा चहा निवतोय," असं म्हणाली. बिचारी फार दमलीय.

फिनेलाचे निरोप आले आहेत. तेराव्या तारखेला लंडनला संचालक मंडळापुढे हजर व्हायचं आहे.

शनिवार, २ नोव्हेंबर

काल सगळे सुखरूप पोचले. आज लग्नाला आमच्या अख्ख्या विभागाला आमंत्रण! क्लॉफहेडचं चर्च छोटं, बँड मोठा. निम्मे वादक बाहेर थडग्यांमध्ये उभे राहून वाजवत होते. टॅमसिनने लग्नाच्या पोशाखातच ट्युबा गळ्यात घेतली, आणि नवऱ्याला कळलं की आपण आयुष्यभर दुसऱ्या नंबरावर राहणार. तो मात्र हसत होता.

हर्स्टबाईंनी मला पकडलं. बुटक्या आहेत, पण समोर उभं राहिलं की आपोआप नखं स्वच्छ आहेत का ते बघावंसं वाटतं.

"तूच का तो लंडनचा? बेव्ह तुझ्याबद्दल बोलत असते."

"काय म्हणते?"

"म्हणते, शहाणा आहे पण उजेड उशिरा पडतो." मग माझ्या दंडावर थाप मारून म्हणाल्या, "राजा, जेवलास का?"

जेवणात मांस भरलेली 'पाय' नावाची भाजलेली कचोरी आणि वाटाणे होते. नाचलोही. बेव्हने हिरवा झगा घातला होता. मला तो सांगण्यासारखा वाटला म्हणून सांगितलं, "रंग आपल्या जांभळ्या कार्डाच्या अगदी विरुद्ध आहे." ती म्हणाली, "बास, एवढं कौतुक सोसणार नाही मला." चिडली की हसली ते नीट दिसलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

लंडन. लांब टेबल, बारीक बिस्किटं. आधी फिनेला बोलली. आलेख छान होते. हडर्सफील्डची संभाषणं फार लांब, माणसं फार महाग, मशीनला सूप करता येत नाही पण ते कुणाला हवंय, असा एकूण सूर. शेवटी ती म्हणाली की लायनेल पेट्टीफर यांनी परवानगी न घेता सगळी रक्कम एकाच दिवसात परत केली. सगळे माझ्याकडे वळले.

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. उभा राहिल्यावर ते साफ गेलं. मग म्हटलं, "आपण ग्राहकांचे फोन ध्वनिमुद्रित करतो. एक ऐकवतो." आणि हर्स्टबाईंच्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं.

त्या खोलीत ब्रास बँड वाजला. मग अध्यक्षबाईंचं बोट टेबलावर ठेका धरायला लागलं. त्याआधी 'बासरीवाला बेसूर आहे' याला एकजण इतका हसला होता की त्याला पाणी द्यावं लागलं.

"पैसे लवकर दिले हे खरं आहे," मी म्हणालो. "द्यायचेच होते, ते दिले. त्या आठवड्यात जांभळं खातं कुणी बंद केलं नाही. उलट, आमच्याकडे खातं असलेला माणूस घरी पोचला आणि दुसऱ्या बँकेतला शेजारी अजून विमानतळावर होता, असं गल्लोगल्ली झालं. ते शेजारी आता आमच्याकडे रांग लावून आहेत. मला काही फार कळत नाही. मला पाठवलंच त्यासाठी होतं. पण लोक त्या खात्यात काय विकत घेतात ते आता कळलंय. फोन उचलणारं माणूस. ते काढून घेतलंत तर उरेल फक्त जांभळा रंग."

मला बाहेर थांबायला सांगितलं. बराच वेळ गेला. शेवटी अध्यक्षबाई स्वतः बाहेर आल्या. ऑफिस बंद होणार नाही. दोन वर्षं चालवून दाखवा, मग पुन्हा बोलू. मी विचारलं, "आणि लिफ्ट?" त्या हसल्या. मला हो की नाही ते हवं होतं. मग हो म्हणाल्या.

फिनेलाने जाताना हात मिळवला. "लायनेल, मी तुला ओळखलं नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मीही तुला." राग आता तितका नाही. तिने पाठवलं नसतं तर मी हडर्सफील्डला गेलोच नसतो.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. हडर्सफील्डच्या फलाटावर बेव्ह उभी, केस ओले, ओठांना लाली, हातात मासे आणि बटाट्यांची गरम पुडी. बातमी फोनवर आधीच कळली होती. आत्याला गाडीत बसवायला आली होती म्हणे. नशीब माझं, नेमकी तीच वेळ जुळली. चौकातल्या बाकावर बसून खाल्लं. म्हणाली, "रविवारी होम मॉसच्या डोंगरावर फिरायला जाऊ. बूट आहेत का तुझ्याकडे चिखलातले?" नाहीत, म्हणून उद्या माझ्याबरोबर ते विकत घ्यायला येणार आहे. विभागात केवढा जिव्हाळा आहे! इम्तियाजलाही विचारतो, येतोस का म्हणून.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

इम्तियाजला विचारलं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"बेव्हने मला बोलावलंय?"

"तसं नाही. मला वाटलं, सगळेच गेलो तर..."

"साहेब," तो म्हणाला, "मी हात जोडतो. तुम्ही एकटे जा. मी येणार नाही, माझी बायको येणार नाही, इथला कुणीही येणार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तसं ठरवलंय."

विचित्र आहे. हवा वाईट असेल का रविवारी?

रविवार, १७ नोव्हेंबर

हवा वाईट नव्हती, पण वर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. खाली सगळं खोरं, मेंढ्या, लांबवर पाण्याचा एक तुकडा चमकत होता. बेव्ह काहीतरी म्हणाली.

मी ओरडलो, "काय?"

ती परत म्हणाली. वाऱ्याने तेही नेलं. मी कानाला हात लावून तिच्याकडे वाकलो.

तिसऱ्यांदा तिने बोलायचा नाद सोडला आणि माझा हात हातात घेतला.

तेव्हा ऐकू आलं.